बंद पडणाऱ्या गाड्यांचे स्टेशनमास्तर

पांढुर्ण्याहून सौंसरकडे निघालात की वस्ती संपता संपता एक सडपातळ म्हातारा हातात लाल निशाण घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा दिसायचा. ट्रक आला की तो मुकाट्यानं बाजूला व्हायचा. ट्रॅक्टर, बस, मोटारसायकल, सगळ्यांना वाट द्यायचा. पण एका कंपनीची एक ठरावीक मोटार लांबून दिसली की तो पाय रोवायचा, निशाण आडवं धरायचा आणि गाडी थांबवूनच सोडायचा. मग काच खाली करायला लावून, आत डोकं घालून, एखाद्याच्या घरचं दुखणं विचारावं तसं हळू आवाजात विचारायचा, "तुमचीही बंद पडते काय जी?"

आमच्या गावात निशाण ही साधी वस्तू नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात झाड उभं करून त्यावर निशाण लावतात, आणि त्या निशाणापायी पांढुर्णा आणि सावरगाव दिवसभर एकमेकांवर गोटे मारतात. त्यामुळे रस्त्यात निशाणवाला माणूस दिसला की आमचा माणूस आधी डोकं सांभाळतो. मीही सांभाळलं होतं. गाडीच्या आत बसूनसुद्धा.

हे शालिकरामजी. रेल्वेतून निवृत्त स्टेशनमास्तर. नागपूर-इटारसी लाइनवरच्या लहान लहान स्टेशनांवर त्यांनी जन्म काढला आणि शेवटी तिगावहून निवृत्त झाले. निशाण मात्र रेल्वेचं नव्हतं. कोणी तसा संशय घेतला की त्यांना राग येई. "सरकारी मालाले आपुन हात लावत नाही. ब्लाउज पीस आहे हा. सौंसरच्या बजारातून आनला." दांडीला जुन्या छत्रीची काडी होती. खिशात एक हिरवं निशाणही असे. ज्याची गाडी बंद पडत नाही त्याला ते दाखवून "जा बाप्पा, सुखी राहा" म्हणत. हिरवं निशाण फारसं मळलेलं नव्हतं, यावरून त्या गाडीची कल्पना यावी.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तडजोडीत तशी अटच आहे. गाडीचा रोग तेवढा सांगते. सपाटीवर ती गुणी मुलीसारखी चालायची. पण इंजिन तापलं आणि समोर चढ आला की एकदम बंद पडायची. ना आवाज, ना धूर. अर्धा तास तिला रस्त्याच्या कडेला उभी ठेवली की आपली आपण चालू व्हायची आणि काही झालंच नाही अशी पुढं जायची. नागपूरच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत नेईस्तोवर ती इतकी शहाणी झालेली असायची की तिथले लोक आपल्याकडेच संशयानं बघत.

मी सौंसरच्या शाळेत शिकवते आणि राहते पांढुर्ण्याला. बसच्या धक्क्यांना कंटाळून, चाळिशी उलटल्यावर गाडी शिकले आणि ही गाडी घेतली. सेकंडहँड घेतली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं सगळं रामायण त्यावरूनच झालं. पहिल्याच उन्हाळ्यात ती रस्त्यात उभी राहायला लागली. सर्व्हिसवाला पोरगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता." आमच्या घरचे म्हणाले, "मी म्हटलंच होतं." शाळेतल्या सरांनी तर माझ्यासमोर पायानं क्लच कसा सोडायचा ते टेबलाखाली करून दाखवलं. हळूहळू मलाही खात्री पटली की दोष गाडीत नाही, माझ्या पायात आहे. रात्री झोपेतसुद्धा मी डावा पाय उचलून धरायला लागले होते.

अशा मनःस्थितीत शालिकरामजींनी मला लाल निशाण दाखवलं.

"तुमचीही बंद पडते काय जी?"

"हो," मी म्हटलं.

"गरम झाल्यावर? चढावर? अन अर्ध्या तासानं आपल्या मनानं चालू होते?"

"हो."

"सर्व्हिसवाले काय म्हनते?"

"म्हणतात मी क्लचवर पाय ठेवते."

शालिकरामजी मोठ्यानं हसले. "मले म्हनते, काकाजी, उमर झाली, गिअर समजत नसन. किसनाभाऊ संत्रेवाल्याले म्हनते, माल जास्त भरता. सौंसरच्या मेश्रामले म्हनते, गाडी उन्हात ठेवत जाऊ नका. आता सौंसरात ऊन नाही त काय बरफ पडन? मास्तरीनबाई, पाय काढा डोक्यातून. इंजिनच खराब आहे. कंपनीतूनच खराब आहे."

मी स्टीअरिंगवर डोकं टेकवून रडले. गाडी शिकल्यापासून मला कोणीही असं चांगलं बोललं नव्हतं. ते बाजूला उभे राहून मागून येणाऱ्या गाड्यांना निशाण दाखवत माझ्याभोवती वाट काढून देत होते. त्या दिवशीचं त्यांचं ते उपकाराचं ओझं माझ्यावर अजून आहे, आणि ते उतरावं असं मला वाटतही नाही.

त्यांनी बोलावलं म्हणून रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले तेव्हा पाहिलं, की अंगणाबाहेर तीच गाडी वेगवेगळ्या रंगांत रांगेनं उभी आहे. शालिकरामजींनी त्या सगळ्यांना एकाच दिशेनं तोंड करून लावलं होतं. कोणी वाकडी लावली की तिला मागं घ्यायला लावत. आत चहा होता. घरात कप मात्र दोनच, म्हणून जमलेले सगळे गाडीवाले पाळीपाळीनं पीत होते. पुढच्या रविवारी गेले तर सोनेरी काठाचे नवे कप मांडलेले. "घाऊकमधी घेतले, सस्ते पडले," म्हणाले. मला त्या वेळी त्यात काही वेगळं वाटलं नाही.

त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा: लाइन क्लिअर. रेल्वेत पुढच्या स्टेशननं "रूळ मोकळा आहे, सोडा गाडी" असं कळवलं की त्याला लाइन क्लिअर म्हणतात. ते न मिळता गाडी सोडणं हे महापाप. शालिकरामजींनी हा नियम रेल्वेबाहेरही चालू ठेवला होता. भाजीवाल्यानं भाव सांगेपर्यंत पिशवी उघडायची नाही, कारण लाइन क्लिअर नाही. शेजारच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या वेळी हे उभे राहिले आणि ओरडले, "नवरीचा मामा कुठं आहे? मामा नाही त लाइन क्लिअर नाही!" मामा मांडवामागं पान खात होता. भटजींनी मंगलाष्टकं थांबवली. मामा आला, तोंड पुसलं, मग लग्न लागलं. त्या घरचे लोक शालिकरामजींवर महिनाभर चिडून होते, आणि नंतर त्याच घरची दोन मुलं त्यांच्याच विचारानं रेल्वेची परीक्षा द्यायला बसली.

तर शालिकरामजींनी ठरवलं की सगळ्यांनी मिळून एकच तक्रार करायची. आम्ही पडलो मध्य प्रदेशात, त्यामुळे ग्राहक आयोग छिंदवाड्याला. एकेकटा गेला की कंपनी म्हणते तुमचाच दोष. सगळे मिळून गेलो की सगळ्यांचाच दोष कसा म्हणेल? छिंदवाड्याचे एक वकीलसाहेब मिळाले, हिंदी बोलणारे, शांत स्वभावाचे. शालिकरामजी आमचे प्रतिनिधी झाले, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं कागदावर त्यांची सही. तक्रारीत एकही शब्द वाढवू द्यायचे नाहीत. किसनाभाऊंनी "मरता मरता वाचलो" असं लिहायला सांगितलं, तर म्हणाले, "कवा मरत होते? मी होतो ना तुमच्या गाडीत. तुमी त भजे खात होते."

तारखांचं आणखी एक गंमतशीर प्रकरण होतं. सौंसरहून छिंदवाड्याला जायचं म्हणजे सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो. म्हणजे, गाडी घाटात बंद पडते ही तक्रार करायला तीच गाडी घेऊन तोच घाट चढायचा. वकीलसाहेब म्हणाले, "काकाजी, बस से आ जाइए." शालिकरामजींना ते पटलं नाही. "पुरावा घरी ठेवून साक्ष द्याले जाऊ काय?" त्यामुळे प्रत्येक तारखेला आमची चिंता दुहेरी असे. वेळेवर पोचलो तर गाडी चांगली आहे असं वाटेल, आणि उशिरा पोचलो तर आयोगाचे साहेब रागावतील. एकदा फारच उशीर झाला. साहेबांनी विचारलं, "इतने लेट क्यों?" शालिकरामजी म्हणाले, "साहब, वही तो शिकायत है." त्या दिवशी साहेब पहिल्यांदा हसले.

मग आयोगानं एक तज्ज्ञ नेमले. एका कॉलेजचे प्राध्यापक. त्यांनी ठरवलं की सगळ्या गाड्या सौंसरहून निघून घाट चढतील आणि ते वर उभे राहून पाहतील. आता आमच्या भागात महत्त्वाच्या कामाला निघालेला माणूस जामसांवलीला हनुमानजींच्या दर्शनाला थांबल्याशिवाय पुढं जात नाही. पांढुर्ण्याहून जाताना ते वाटेवरच आहे. दाखल्याचा अर्ज असो, सोयरीक असो, पोराचा पेपर असो, आधी जामसांवली. त्या सकाळी शालिकरामजी प्राध्यापकांना भेटायला पुढं गेले होते, बाकी आमच्या सगळ्या गाड्या तिथं थांबल्या. कोणी नारळ फोडला, कोणी बोनेटला शेंदूर लावला. मेश्रामसाहेब बुद्धविहारात जाणारे, सौंसरहून आमच्या सोबतीला तिथवर आलेले, ते गाडीतच बसून राहिले. पण त्यांच्या गाडीच्या चाकाखालीही किसनाभाऊंनी आपलं एक लिंबू ठेवून घेतलं.

घाटात एकही गाडी बंद पडली नाही.

सगळ्या गाड्या डौलात वर आल्या. प्राध्यापक प्रत्येक गाडीपाशी येऊन मान हलवत होते. शालिकरामजींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आम्हाला एका झाडाखाली नेलं.

"जामसांवलीले थांबले होते काय?"

"हो ना जी," किसनाभाऊ म्हणाले.

"काय मागितलं?"

"काय मांगन बाप्पा? गाडी बराबर चालू दे म्हटलं."

"सारेइनं तेच मागितलं?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. सवयच ती. गाडीत बसून देवापुढं गेलं की तोंडातून तेच येतं.

"अरे, आज बंद पडू दे म्हनाले पायजे होतं!"

"देवाजवळ असं कसं मागाव, शालिकरामजी?" किसनाभाऊ कळवळून म्हणाले. "उद्या त्यानं कायमचीच बंद पाडली त?"

शालिकरामजी आपल्या गाडीकडे निघाले.

प्राध्यापक ज्या गाडीनं आले होते ती पुढं निघून गेली होती. त्यांना खाली सौंसरला एका नातेवाइकाकडे जायचं होतं, संध्याकाळी छिंदवाड्याला परतायचं होतं. मी म्हटलं, "सर, मी तुम्हाला खाली नेते आणि संध्याकाळी छिंदवाड्याला सोडते." केस तर बुडालीच होती, निदान माणुसकी तरी राहावी. संध्याकाळी त्यांना घेऊन पुन्हा घाट चढायला लागले, आणि शेवटून दुसऱ्या वळणावर माझी गाडी बंद पडली. ना आवाज, ना धूर. प्राध्यापक माझ्या डाव्या पायाकडे पाहायला लागले. मी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि म्हटलं, "बघा सर. पाय इथं आहेत."

मला घाटातून एकटीनं परतावं लागू नये म्हणून मागं निघालेले शालिकरामजी आले. त्यांनी माझी उभी गाडी पाहिली, रस्त्याच्या कडेला रुमालानं वारा घेत उभे असलेले प्राध्यापक पाहिले, आणि चालत्या गाडीतून उतरायचेच बाकी राहिले. "मास्तरीनबाई! बंद पडली! तुमची गाडी बंद पडली!" एखाद्याला पहिला मुलगा झाल्यासारखं ते माझं अभिनंदन करत होते. मागोमाग किसनाभाऊ आले, त्यांनी त्या घाटात मला पेढा दिला. पेढा त्यांच्याकडे कुठून आला ते मला माहीत नाही. प्राध्यापकांना अर्धा तास तिथं उभं राहावं लागलं. त्या अर्ध्या तासात त्यांनी इंजिन उघडून पाहिलं, हात लावून पाहिलं, आणि आपलं मत बदललं. पुढं दुसरी तपासणी झाली. त्या वेळी शालिकरामजींनी सौंसर रोडवर उभं राहून प्रत्येक गाडीला जामसांवलीच्या फाट्यापुढून हिरवं निशाण दाखवून सरळ काढलं. तिसऱ्या चढावर निम्म्या गाड्या बसल्या.

कंपनी तडजोडीला तयार झाली. नवं इंजिन, फुकट, पुढच्या काही वर्षांच्या हमीसकट. आम्ही वकीलसाहेबांच्या ऑफिसात टाळ्या वाजवल्या. मग वकीलसाहेब चष्मा काढून माझ्याकडे पाहून म्हणाले, "मैडम, एक बात है." ही सवलत फक्त पहिल्या मालकांना होती. ज्यांनी गाडी दुसऱ्याकडून घेतली त्यांना काही नाही. आमच्यात तशी एकच गाडी होती. माझी.

मी हसून म्हटलं, "असू द्या. बाकीच्यांचं तर झालं." तोंडावर हसणं मला जमतं, शाळेत रोज करावं लागतं. पण घरी येताना वाटलं, ज्या गाडीनं घाटात सगळ्यांची लाज राखली तीच बाहेर राहिली. नवं इंजिन विकत घेणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणजे गाडी भंगारात आणि मी पुन्हा बसमध्ये. आणि पुन्हा तो क्लच, घरातला आणि शाळेतला.

शालिकरामजींनी सही केली नाही.

"लाइन क्लिअर नाही," एवढंच म्हणाले. प्रतिनिधीची सही नाही तर तडजोड नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी त्यांना समजावलं. दुसऱ्या आठवड्यात भांडले. किसनाभाऊंचा संत्र्याचा हंगाम सुरू झाला होता, गाडी रोज अडत होती. ते माझ्यासमोरच म्हणाले, "एका गाडीपायी साऱ्याइचं नुकसान करून राहिले तुमी. मास्तरीनबाईनं सेकंडहँड घेतली थे का आमी सांगितलं होतं?" बोलून त्यांनाच वाईट वाटलं, पण शब्द परत घेतले नाहीत. त्यांचं खोटंही नव्हतं. मेश्रामसाहेबांना म्हाताऱ्या आईला दर महिन्याला नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं लागे. ते रविवारी यायचे बंद झाले. मग एकेक करून सगळेच बंद झाले.

मी शालिकरामजींकडे गेले. अंगणाबाहेर फक्त त्यांची गाडी, एकटी, बरोबर सरळ रेषेत. आत कप मांडलेले आणि पातेलंभर चहा.

"काकाजी, करा सही. मी सांगते ना. मला काही वाटणार नाही."

"खोटं नका बोलू. शाळेत शिकवता तुमी."

"तुमच्यावर सगळे नाराज आहेत."

"होऊ द्या. इंजिन बिघडलं कंपनीत. मालक बदलला म्हनून इंजिन सुधरलं काय?" मग म्हणाले, "चहा घ्या. लय झाला आहे."

तो चहा मी तीन कप प्यायले. बाकीचा त्यांनी माझ्या देखत मोरीत ओतला, आणि मी निघाले तेव्हा त्यांनी दारापर्यंत येऊन विचारलं, रस्त्यात किसनाभाऊ भेटले तर कसे आहेत ते बघाल का?

पुढची तारीख आली. मध्यस्थ म्हणून नेमलेले साहेब, कंपनीचे नागपूरचे वकील, आमचे वकील, आणि शालिकरामजी. मी मागं बसले होते. बाकी कोणी येणार नाही असंच वाटलं होतं, पण ऐनवेळी किसनाभाऊ, मेश्राम आणि बाकीचे सगळे दारातून आत आले. मला वाटलं, आता हे शालिकरामजींना काढून दुसरा प्रतिनिधी नेमतील. शालिकरामजींनाही तसंच वाटलं असावं. ते उभे राहिले आणि त्यांनी खिशातून पेन काढून टेबलावर ठेवला, दुसऱ्या कोणाला लागला तर असावा म्हणून.

मध्यस्थ साहेबांनी विचारलं, "बाकी लोगों का क्या कहना है?"

किसनाभाऊ घसा खाकरून उभे राहिले. "साहब, हम इनसे बहुत नाराज हैं." मग हिंदी सोडून मराठीवरच आले. "पन हा मानूस निशान घेऊन उनात उभा राहिला म्हनून आमी इथं आहो. आमी सारे आपापल्या घरी येडे ठरलो होतो. आता यायले एकटं कसं सोडाव? ह्या बाईची गाडी घेत नसाल त आमचीही नको." खाली बसता बसता ते मला पुटपुटले, "दोन महिने लागले मले हे बोलाले. माफ करा."

मेश्रामसाहेब उभे राहिले आणि "माझंही तेच," एवढं म्हणून बसले. मग एकेक जण उभा राहिला. कंपनीचे वकील बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलले. आत आले तेव्हा त्यांनी आपल्या कागदातला "पहिले" हा शब्द खोडला. शालिकरामजींनी सही केली. सही करताना त्यांनी माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

इंजिनं बदलून आली. सगळ्यांच्या गाड्या नीट चालायला लागल्या. पहिल्या दिवशी मी मुद्दाम एकटी सिल्लेवानीचा घाट चढून गेले, वर थांबून थोडी रडले आणि परत आले. आमच्या घरच्यांनी आता माझ्या डाव्या पायाविषयी बोलणं सोडलं आहे. शाळेतल्या सरांना मी एकदा लिफ्ट दिली, ते पूर्ण वाटभर गप्प होते.

एका रविवारी शालिकरामजींकडे गेले. बऱ्याच दिवसांनी. अंगण झाडलेलं होतं, बाहेर कोणाची गाडी नव्हती. त्यांची मुलगी बिलासपूरला असते, पत्नी तर ते तिगावला असतानाच गेल्या. हे सगळं मला माहीत होतं, पण गाड्यांच्या गर्दीत कधी लक्षात राहिलं नव्हतं.

"काय झालं?" त्यांनी घाईनं विचारलं. "बंद पडली काय?"

"नाही, काकाजी. छान चालते."

"बरं झालं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बरंच झालं." मग खुर्चीवर बसले. "एक गोष्ट सांगू काय, मास्तरीनबाई? कोनाले सांगू नका."

"सांगा."

"सही मी अडवली, थे तुमच्यासाठी अडवली असं सारे म्हनून राहिले. तसं नाही. पहिले त मी माह्यासाठीच अडवली. सही झाली असती त केस मिटली असती. केस मिटली असती त रविवारी इथं कोन आलं असतं? मले वाटलं, तुमच्या नावावर अजून दोन-चार महिने मानसं येत राहतीन."

मी त्यांच्यासमोर बसले.

"मंग कोनीच येईना. तवा म्या सोताले म्हटलं, शालिकराम, आता कर सही. आता अडवून तुले काय भेटून राहिलं? पेन घेतला हातात. पन तुमी डोयापुढं आले, घाटात गाडीपाशी उभ्या. नाही झाली सही." ते अंगणाकडे पाहत होते. "तवा मले समजलं का मी अगदीच खोटा नाही. हे मले तुमच्यामुळं समजलं. म्हनून तुमचे लय उपकार आहेत माह्यावर."

त्यांनी माझे उपकार मानावे! मला भरून आलं. आयुष्यात माझ्यासाठी फार लोक अडून बसलेले नाहीत. जो एक बसला, तो आधी एकटेपणापायी बसला आणि मग एकटा पडूनही उठला नाही. मला ते पहिलंही आवडलं आणि दुसरंही.

"काकाजी," मी म्हटलं, "आतापर्यंत गाडी बंद पडत होती म्हणून येत होते. आता चालते, म्हणून येईन. किसनाभाऊंनाही आणते. आता वाटेत अडकायची भीती नाही, मग यायला काय हरकत आहे?"

उपरण्याच्या टोकानं त्यांनी चष्मा पुसला, तो डोळ्यांवर ठेवला आणि पुन्हा काढून पुसला.

"पुढच्या रविवारी?" त्यांनी विचारलं.

"रविवारी."

"किती वाजता?"

"दहा वाजता येऊ?"

"दहा," ते स्वतःशीच म्हणाले, आणि आताच्या चहाला दूध घरात आहे का ते बघायला आत गेले.